संदर्भसूची शेवटी दिली होती, तरी असाइनमेंट परत आली

कोरी_वही · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी एम. ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात इथपर्यंत शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे हे घरी कुणाला विचारता येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आम्हाला ३००० शब्दांची असाइनमेंट होती. मी विषय घेतला 'शेतकऱ्याचा असूड आणि १८७५ चे दख्खनचे दंगे', म्हणजे महात्मा फुल्यांचं पुस्तक आणि सावकारांविरुद्धचा शेतकऱ्यांचा उठाव. दीड महिना रोज दुपारी ग्रंथालयात बसून लिहिली. शेवटी नऊ पुस्तकांची संदर्भसूची जोडली, लेखक-प्रकाशक-वर्ष सगळं नीट. शनिवारी वही परत मिळाली. समासात सात ठिकाणी लाल पेनने एकच प्रश्न होता: 'हे कोणाचे शब्द?' सोबत सॉफ्टवेअरचा अहवाल, साम्य ३८ टक्के. मॅडम ओरडल्या नाहीत. आठ दिवसांत पुन्हा लिहून आण म्हणाल्या. पण मागच्या बाकावरून कुणीतरी 'चोरी' म्हटलं, ते डोक्यातून जात नाही.

मी चोरलं नाही. जिथून घेतलं ती पुस्तकं मीच शेवटी लिहून दिली आहेत. मग चुकलं कुठे? पुस्तकातलं वाक्य माझ्या शब्दांत लिहिलं तरी लेखकाचं नाव द्यायचं का? तसं केलं तर प्रत्येक ओळीला कंस येईल, मग माझं असं काय उरलं? आणि 'असूड'मधलं 'विद्येविना मति गेली' तर सगळ्यांना पाठ असतं, त्याला कसला संदर्भ द्यायचा?

पाऊलवाट · सोमवार, रात्री १०:५५

आधी एक सांगतो. एकतीस वर्षं मराठी शिकवलं. ज्याला फसवायचं असतं तो नऊ पुस्तकांची सूची जोडत नाही. तुमच्या मॅडमनी पुन्हा लिहायला सांगितलं याचा अर्थ त्यांनाही ते कळलं आहे. मागच्या बाकावरचा शब्द सोडून द्या.

आता चुकलं कुठे ते. शेवटची सूची वाचकाला एवढंच सांगते की तुम्ही ही नऊ पुस्तकं पाहिली. चौथ्या पानावरचं तिसरं वाक्य त्यातल्या कुठल्या पुस्तकातून आलं, ते जसंच्या तसं आहे की तुम्ही बदललं आहे, आणि त्यातला विचार लेखकाचा आहे की तुमचा, हे सूचीतून कळत नाही. ते त्या वाक्यापाशीच सांगावं लागतं. मॅडमनी सात ठिकाणी विचारलं ते हेच.

उदाहरण देतो. कुणा लेखकाचं वाक्य नको, मीच आत्ता एक लिहितो. समजा हे माझ्या पुस्तकातलं वाक्य आहे:

> १८७५ च्या दंग्यात पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा राग सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या पेटीतल्या कर्जरोख्यांवर होता.

आणि विद्यार्थी लिहितो:

> सन १८७५ च्या उठावात पुणे व नगर भागातील कुणब्यांचा संताप सावकाराच्या प्राणांवर नसून त्याच्या तिजोरीतील कर्जखतांवर होता.

विद्यार्थ्याला प्रामाणिकपणे वाटतं की हे त्याच्या शब्दांत आहे. नाही. वाक्याचा सांगाडा माझा, विरोध मांडण्याची पद्धत माझी, निष्कर्ष माझा. त्याने रागाचा संताप केला आणि पेटीची तिजोरी. शेजारच्याची गोधडी घेऊन वरची चार ठिगळं बदलली, तरी गोधडी शेजारच्याचीच राहते. तुमच्या सातपैकी निदान चार जागा अशा असणार, असा माझा अंदाज आहे.

आपल्या शब्दांत लिहायची एकच रीत मला माहीत आहे. परिच्छेद दोनदा वाचा, पुस्तक मिटा, खोलीत एक चक्कर मारा, आणि मग समोर बसलेल्या मैत्रिणीला सांगावं तसं लिहा. नंतर पुस्तक उघडून ताडा. तसं केलं की असं काही येतं:

> दंगेखोरांचं लक्ष्य माणूस नसून कागद होता, असं अमुक लेखक म्हणतो (नाव, वर्ष, पृष्ठ). सुप्यात १२ मे १८७५ रोजी जे घडलं त्याच्याशी हे जुळतं. तिथे दुकानं लुटली गेली, पण लोक सर्वात आधी मागत होते ते रोखे.

पहिलं वाक्य लेखकाचं, तुमच्या शब्दांत, नावासकट. दुसरं तुमचं, तुम्ही जोडलेलं. तिसऱ्यात जे सांगितलं ते कुठे वाचलं त्याचा पुन्हा संदर्भ येईल. म्हणजे कंस आल्याने तुमचं काही कमी झालं नाही. उलट कंस संपतो तिथून तुमचं सुरू होतं, हे वाचणाऱ्याला पहिल्यांदाच दिसतं.

प्रत्येक ओळीला कंस लागत नाही. दंगा सुप्यात सुरू झाला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, ही माहिती कुठल्याही पुस्तकात मिळते, तिच्यावर कुणाची मालकी नाही. पण त्या कायद्याने शेतकऱ्याची पत वाढली की आटली, हे कुणीतरी अभ्यास करून मांडलेलं मत असतं. मत आलं की नाव आलं.

ग्रंथालय_तिसरा_मजला · मंगळवार, सकाळी ७:२०

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, साम्य-अहवाल माझ्याच टेबलावरून निघतात. त्या ३८ टक्क्यांबद्दल लिहिते, कारण मुलं त्या आकड्यालाच घाबरतात आणि नको ते करतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे याबाबतचे नियम २०१८ चे आहेत. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यायचं, त्याला जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० मध्ये एक वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. हे सगळे कॉरिडॉरमध्ये एकमेकांना सांगतात. कुणी सांगत नाही ते असं की त्याच नियमांच्या व्याख्येत असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका वगळलेल्या आहेत. हे टप्पे प्रबंध, लघुप्रबंध, शोधनिबंध यांच्यासाठी आहेत. तुझ्या असाइनमेंटला तुझ्या विभागाचा नियम आणि तुझ्या मॅडमचा निर्णय लागू. तेव्हा ३८ म्हणजे 'दुसरी पातळी', 'तिसरी पातळी' असलं कुणी घाबरवलं तर ऐकू नकोस.

दुसरं, तो आकडा चोरीचा नसतो. दोन मजकूर किती जुळतात एवढंच यंत्र मोजतं. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे साम्य मोजताना वगळायचं असतं, तसंच सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही. पण वगळण्याची खूण यंत्रात कुणीतरी करावी लागते. मॅडमना विचार की अहवाल सूचीसकट काढला की सूची वगळून. नऊ पुस्तकांची सूचीच चार-पाच टक्के खाऊन जाते, असं मी पाहिलं आहे.

आता जे मला खरोखर खुपतं ते लिहिते. मराठीत यंत्राला बरंच काही दिसतच नाही. जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला प्रबंध यंत्राला अक्षरांचा गोंधळ वाटतो. स्कॅन करून चढवलेली पानं त्याच्यासाठी चित्रं असतात. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, मराठी प्रबंध आहेत, पण त्यांतल्या कितीतरींशी जुळवणी होत नाही. आणि इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत उतरवला तर साम्य शून्य.

हा शून्य आकडा घेऊन मुलं आनंदाने माझ्याकडे येतात. मी त्यांना बसवते आणि विचारते, हा विचार कुणाचा? भाषांतर केलं म्हणून विचार तुझा होत नाही. इंग्रजीतलं लेखन मराठीत आणणं हे चांगलं काम आहे, त्याचं श्रेय भाषांतरकार म्हणून घ्यावं. अवतरणाखाली मूळ लेखक, वर्ष, पृष्ठ, आणि पुढे 'मराठी अनुवाद माझा' एवढे तीन शब्द. ते न लिहिता पानंच्या पानं उतरवलेली मी पाहिली आहेत, बाइंडिंग झालेली, सोनेरी अक्षरांत नाव छापलेली. ती कुठल्याही यंत्रात सापडणार नाहीत. पण ज्याने मूळ वाचलं आहे त्याला दुसऱ्या पानावर कळतं, कारण मराठी वाक्याच्या खाली इंग्रजी वाक्य हलत असतं.

रुमाल_क्रमांक · मंगळवार, दुपारी १:०५

'विद्येविना मति गेली' बद्दल कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून मी देतो. सगळ्यांना पाठ असतं म्हणूनच त्याला संदर्भ हवा.

पाठ असलेल्या गोष्टी हळूहळू बदलतात. शाळांच्या भिंतींवर, शुभेच्छापत्रांवर, व्हॉट्सॲपवर या ओळी कशा येतात ते बघा. कुठे मधला एक टप्पा गळतो, कुठे 'वित्ताविना शूद्र खचले' मधला 'शूद्र' हा शब्दच जातो. तो शब्द गेला की फुल्यांचा सगळा आरोप गेला, उरतो तो शिक्षणाच्या महत्त्वावरचा सुविचार. इतिहासाच्या असाइनमेंटमध्ये तुम्ही पाठांतरातून लिहिलंत तर कदाचित फुल्यांचं नाव देऊन दुसऱ्याच कुणाचं वाक्य द्याल. पुस्तक उघडा, अक्षर अक्षर ताडा. 'मति' ऱ्हस्व आहे तर ऱ्हस्वच ठेवा. जुनं लेखन आजच्या नियमांनी सुधारायचं नाही.

मग कुठलं पुस्तक? 'असूड'चं लेखन १८८३ चं. आपल्या हातात ते बहुधा 'महात्मा फुले समग्र वाङ्मय'मधून येतं. ते राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये काढलं, संपादक धनंजय कीर आणि स. गं. मालशे. १९९१ ची सुधारित आवृत्ती य. दि. फडक्यांनी संपादित केली. दोन्हींत पृष्ठक्रमांक सारखे नाहीत. म्हणून नुसतं 'फुले, पृ. अमुक' लिहिलं तर वाचणारा चुकीच्या पानावर जातो. (फुले, १८८३/१९९१, पृ.) असं लिहिलं की लिहिलं कधी आणि तुम्ही वाचलं कुठून, दोन्ही कळतं. सूचीत संपादकाचं नाव टाका. पाठ ताडून, टिपा देऊन ते पुस्तक तुमच्यापर्यंत आणलं त्यांनी.

जुन्या पुस्तकांवर शके असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके वर्षाच्या शेवटचे, म्हणजे जानेवारी ते मार्चमधले, महिने असतील तर ७९.

आता माझी गोष्ट. एका नामांकित ग्रंथात इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' मधल्या एका पत्राचा हवाला होता, खंड आणि लेखांकासकट. मी तो माझ्या लघुप्रबंधात तसाच उतरवला, जणू मीच खंड उघडून पाहिला होता. मौखिकीला परीक्षकांनी पिशवीतून तोच खंड काढला आणि तो लेखांक माझ्यापुढे उघडून ठेवला. तिथे वेगळंच पत्र होतं. मूळ ग्रंथातच आकडा चुकला होता आणि मी तो चुकीचा आकडा पुढे चालवला होता. परीक्षक शांतपणे म्हणाले, 'तुम्ही खंड पाहिला नाहीत हे लिहिलं असतंत तर चूक त्यांची राहिली असती. आता ती तुमची आहे.' त्याला बावीस वर्षं झाली.

मूळ साधन पाहिलं नसेल तर तसं सांगायला एक शब्द पुरतो: 'उद्धृत'. मूळ पत्राचा तपशील, मग 'उद्धृत', मग ज्या पुस्तकात तुम्ही ते वाचलं त्याचं नाव आणि पान. त्यात कमीपणा काही नाही. पण ग्रंथालयात मूळ खंड असेल तर उठून बघाच. राजवाड्यांचे २२ खंड आहेत, पेशवे दफ्तरातल्या निवडीचे ४५. अर्धा तास जातो, आणि पुष्कळदा शेजारच्या पानावर तुमच्या कामाचं दुसरंच पत्र सापडतं.

पाऊलवाट · मंगळवार, दुपारी ३:३०

रुमालरावांच्या 'अक्षर अक्षर ताडा' ला माझी जोड. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला. तीनशे वर्षांत नकलकारांनी त्यात आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. काम संपल्यावर त्यांनी शेवटी बजावलं:

> ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मराठी ।
> तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे करवंटी. अवतरणचिन्हांच्या आत आपला एक शब्दही घालायचा नाही, हा नियम मी वर्गात या ओवीनेच शिकवायचो. मधला भाग गाळला तर तीन टिंबं, आपला खुलासा घातला तर चौकटी कंस. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा आणि आणखी 'नामा' मुद्रेच्या कवींचे अभंग मिसळले आहेत. कुठला अभंग कुणाचा हे ठरवण्यात अभ्यासकांची आयुष्यं गेली. त्या कवींनी 'नामा म्हणे' लिहून ठेवलं होतं, तरी एवढा गुंता झाला. जिथे नावच नाही तिथे काय होईल?

आयएस_४५६ · मंगळवार, सायंकाळी ६:१५

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे सेमिस्टरला प्रत्येक विषयाच्या सहा-सहा असाइनमेंट, सगळ्यांना तेच प्रश्न. एक जण लिहितो, बाकीचे छापतात. 'बीम म्हणजे काय' याची व्याख्या साठ जण साठ प्रकारे कशी लिहिणार? आणि सूत्राखाली काय न्यूटनचं नाव लिहायचं? तुमचे हे नियम कला शाखेला ठीक आहेत.

ग्रंथालय_तिसरा_मजला · मंगळवार, रात्री ८:००

सूत्रांना, सर्वमान्य चिन्हांना आणि समीकरणांना संदर्भ लागत नाही, तुझं तेवढं बरोबर आहे. पण तुझं टोपणनावच बघ. आयएस ४५६ : २०००, म्हणजे तुमच्या काँक्रीटच्या मानक संहितेतलं, कोष्टक डिझाइनमध्ये वापरलंस तर संहितेचं नाव, वर्ष आणि कोष्टक क्रमांक लिहितोस ना? तो संदर्भच आहे. उद्या साइटवर कुणी विचारलं की हे किमान सिमेंट कुठून घेतलं, तर तुला बोट ठेवून दाखवता यावं. व्याख्याही तशीच. एका पुस्तकातली जशीच्या तशी घे, अवतरणात ठेव, पुस्तकाचं नाव दे. साठ प्रकारे लिहायची गरज नाही. आकृती पुस्तकावरून काढलीस तर खाली 'अमुक पुस्तकातील आकृतीच्या आधारे' लिही. मुलं चित्रांना विसरतात, फोटोंना तर हमखास.

छापण्याबद्दल मी तुला उपदेश करत नाही. ज्याने पहिली लिहिली त्याला तो विषय आला, बाकीच्या एकोणसाठ जणांचे हात दुखले.

ठाणे_धीमी_लोकल · मंगळवार, रात्री ११:१०

वर्षानुवर्षं हे कुणाला सांगितलं नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे प्रोजेक्ट असायचा, काळ्या बाइंडिंगमुळे त्याला ब्लॅकबुक म्हणतात. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात आदल्या वर्षीचे ब्लॅकबुक मिळायचे. पहिलं पान बदलायचं, प्रमाणपत्र बदलायचं, बाइंडिंग करायचं. मी तेच केलं. आईची तब्येत बरी नव्हती, संध्याकाळी नोकरी होती, कारणं होती. व्हायवाला बाहेरून आलेल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: 'प्रश्नावली भरून देणाऱ्यांत तुम्हाला लक्षात राहिलेला माणूस कोण?' मला एकही माणूस सांगता आला नाही. त्यांनी पास केलं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या ते मी विसरलेलो नाही. ज्याचं ते काम होतं त्या मुलाचं किंवा मुलीचं नावही मला माहीत नाही, पहिलं पान मीच फाडलं होतं.

कोरी_वही, तू सात जागा दुरुस्त करू शकतेस. कर.

ऱ्हाइनकाठ · बुधवार, पहाटे २:४५

मी मूळची नाशिकची, सध्या जर्मनीत मास्टर्स करते. इथे प्रत्येक लेखी कामाच्या शेवटच्या पानावर सही करावी लागते: हे काम मी स्वतः केलं आहे आणि वापरलेली सर्व साधनं नमूद केली आहेत. पहिल्या सत्रात मी ती सही विचार न करता केली आणि एका अहवालातले तीन परिच्छेद थोडे फिरवून घेतले. वर पाऊलवाट सरांनी गोधडी म्हटलं आहे, अगदी तसं. त्या विषयात नापास झाले.

प्राध्यापिकेने बोलावून विचारलं, असं का केलंस? तेव्हा पहिल्यांदा मी स्वतःला खरं उत्तर दिलं. दहावीपर्यंत मला पुस्तकातल्या शब्दांत उत्तर लिहिलं की पूर्ण गुण मिळायचे आणि माझ्या शब्दांत लिहिलं की अर्धा कापला जायचा. गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं आठवणं म्हणजे हुशारी. बारा-पंधरा वर्षं ज्याचं बक्षीस दिलं, तेच एके दिवशी गुन्हा होतं आणि मधे कुणीच सांगत नाही. सबब म्हणून सांगत नाही, नापास व्हायला हवंच होतं. पण शिकवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच एक तास यासाठी द्या.

इथे हे किती गंभीरपणे घेतात ते सांगते. संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या प्रबंधात न सांगता घेतलेला मजकूर सापडला, बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली आणि मार्च २०११ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, आनेट शावान यांनाही त्याच कारणाने मंत्रिपद सोडावं लागलं, आणि त्या तर शिक्षणमंत्री होत्या. त्यांचा प्रबंध १९८० चा, म्हणजे तेहतीस वर्षांपूर्वीचा. गुटेनबर्ग यांचा प्रबंध तर सामान्य वाचकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन पानापानाने तपासला होता.

वकिली_वर्ष_दुसरे · बुधवार, सकाळी ९:३०

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याचा, श्रेय प्रामाणिकपणाचं. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार राहतो. फुले १८९० मध्ये गेले, त्यांचं लेखन कुणीही छापू शकतो. पण ते आपलं म्हणून दिलं तर ते वाङ्मयचौर्यच. उलट, हयात लेखिकेचा उतारा अभ्यासासाठी किंवा समीक्षेसाठी बेताने घेतला तर कलम ५२ मुभा देतं, मात्र नाव द्यायचं.

आणि चॅटजीपीटीकडून संदर्भ घेत असाल तर प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी त्याने दिलेले निवाडे जोडले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. त्यांना ५००० डॉलर दंड झाला. मदत घेतली असेल तर कशासाठी घेतली ते मॅडमना आधीच सांगा.

जात्याची_खुंटी · बुधवार, दुपारी १२:२०

सगळे पुस्तकांबद्दल बोलत आहेत. मी लोकसाहित्याची विद्यार्थिनी आहे. आमच्याकडे पुस्तक नसतं, माणूस असतो.

कितीतरी जुन्या संग्रहांत ओव्यांखाली काहीच नसतं, किंवा 'पारंपरिक' एवढंच. ज्या बाईने पहाटे जात्यावर बसून ती ओवी म्हटली, कदाचित स्वतः रचली, तिचं नाव संग्राहकाच्या वहीतही नसतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. त्या आता पारीवर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर, वाचता-ऐकता येतात. तिथे गाणारीचं नाव आहे, गाव आहे. मी पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा ओवी वाचायच्या आधी नावंच वाचत बसले. ती नावं मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती.

तेव्हा असाइनमेंटमध्ये कुणाच्या तोंडून ऐकलेलं वापरलं असेल तर तेही लिहा. सांगणाऱ्याचं नाव, गाव, अंदाजे वय, कधी ऐकलं, आणि नाव छापायला त्यांची परवानगी घेतली आहे का. परवानगी दिली नाही तर नाव गाळा, पण मुलाखत झाली हे लिहा.

कोरी_वही · गुरुवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस सात जागा घेऊन बसले. चार खरंच गोधडीच्या निघाल्या. एक इंग्रजी लेखातून मराठीत आणलेला परिच्छेद होता, यंत्राने तो पकडलाही नव्हता, मॅडमनी पकडला. तिथे 'अनुवाद माझा' लिहिलं, आणि मूळ इंग्रजी पुन्हा वाचताना कळलं की एका वाक्याचा अर्थ मी उलटा घेतला होता. सहावी जागा 'विद्येविना'ची. मी 'मती' दीर्घ लिहिलं होतं.

सातवी जागा सांगायची आहे. मी लिहिलं होतं, 'ग्रामीण भागात कर्जखतांची भीती पिढ्यान्‌पिढ्या टिकून होती असे दिसते.' मॅडमनी तिथेही विचारलं होतं, हे कोणाचे शब्द? मला वाटलं, हे तर माझे. पण जात्याची_खुंटी ताईंचं वाचून आठवलं. ते माझ्या आत्याने सांगितलं होतं. तिची आजी कोऱ्या कागदावर कुणालाच अंगठा उठवू द्यायची नाही, पोस्टमनलासुद्धा नाही. मी ते 'असे दिसते' मध्ये बसवून टाकलं होतं. आज आत्याला फोन केला, तुझं नाव लिहू का विचारलं. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, 'माझं लिही, पण आधी आजीचं लिही.' दोघींची लिहिली आहेत, गाव आणि फोनची तारीख टाकून.

फुल्यांच्या अवतरणाखाली हे लिहिलंय, बरोबर आहे का बघा: (फुले, १८८३/१९९१, पृ. )

आणि पुढच्याच तळटीपेत 'तत्रैव', म्हणजे 'वरच्याच पुस्तकात', असं लिहिलंय.

रुमाल_क्रमांक · गुरुवार, रात्री १०:४०

'पृ.'च्या पुढे आकडा राहिला आहे. आणि 'तत्रैव' काढा. पुन्हा लिहिताना परिच्छेद वरखाली होतात आणि 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. सगळं पक्कं होईपर्यंत पूर्ण नावच राहू द्या. कंसांची पद्धत घेतली असेल तर तळटीपेत पुन्हा तोच संदर्भ नको, दोन्हींपैकी एकच ठेवा.

कोरी_वही · गुरुवार, रात्री १०:५२

तत्रैव काढलं. पुस्तक दुपारीच परत केलं. उद्या ग्रंथालय आठला उघडतं, आधी पान बघते, मग टाकते.